एका थेंबात किती आगगाड्या?

दोस्तांनो, एक कोडं ओळखा पाहू!

एक आगगाडी आहे. तिला खिडक्या नाहीत. बाकं नाहीत. आत एकही प्रवासी नाही. तरी ती येणार म्हणून सारं शहर डोळे लावून बसलंय! काय बरं असेल तिच्यात?

पाणी! नुसतं पाणी!

ही गोष्ट कल्पनेतली नाही हं, अगदी खरी घडलेली आहे. २०१६ चा उन्हाळा. लातूर शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण आटून गेलेलं. मग ठरलं, पाणी आगगाडीने आणायचं! कुठून? थेट सांगली जिल्ह्यातल्या मिरजेहून. अंतर सुमारे ३४२ किलोमीटर! टाकीचे डबे आधी राजस्थानात कोटा इथे वाफेने स्वच्छ केले. मिरजेला त्यांत कृष्णेचं पाणी भरलं. आणि १२ एप्रिल २०१६ ला पहाटे पहिली गाडी लातुरात दाखल झाली. डबे १०. प्रत्येक डब्यात सुमारे ५० हजार लिटर पाणी. गाडीचं नावच पडलं ‘जलदूत’!

थोड्याच दिवसांत गाडी आणखी लांब झाली. १० डब्यांचे झाले ५० डबे!

आज या गाडीचं बोट धरून आपण रसायनशास्त्राचा पहिला धडा शिकणार आहोत. तो कशाचा असतो, सांगा बघू? रंगीत धुराचा? फसफसणाऱ्या बाटल्यांचा? छे! पहिला धडा असतो मोजण्याचा. नीट मोजता आलं ना, की डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीसुद्धा मोजता येतात. विश्वास नाही बसत? चला तर!

नुसता आकडा काय कामाचा?

समजा, शेजारची ताई विचारते, “घरात पाणी किती आहे गं?” आणि तुम्ही सांगता, “पाच!”

पाच काय? पाच लिटर? पाच घागरी? की पाच थेंब?

बघितलंत! नुसत्या आकड्याला काही अर्थच नाही. त्याच्या शेजारी एकक हवंच. लिटर, ग्रॅम, सेंटिमीटर, सेकंद, ही सगळी एककं. वहीत उत्तर लिहिताना एकक राहिलं, की बाई गुण कापतात. उगाच नाही कापत!

तुमच्या पणजीच्या लहानपणी ज्वारी पायलीने मोजायचे. पण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीएवढी असेलच असं नव्हतं! मग भांडणं होणारच. ऑक्टोबर १९५८ पासून आपल्या देशात किलो-ग्रॅमची वजनं यायला लागली. आता नांदेडच्या मोंढ्यातला किलो, लातूरच्या मोंढ्यातला किलो आणि जपानच्या दुकानातला किलो अगदी सारखा!

चला, पाणी वाटू या

५० डबे. प्रत्येकात ५० हजार लिटर. गुणाकार करा. किती आले? २५ लाख लिटर!

बाप रे! केवढं हे पाणी! लातूरकरांची चैनच झाली असेल, नाही?

थांबा. आधी वाटणी करू. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या होती सुमारे ३ लाख ८३ हजार. भागाकाराला अवघड आकडा आहे ना? मग आपण सरळ ४ लाख धरू. असं जवळचा सोपा आकडा धरून अंदाज काढणं ही फसवणूक नाही बरं! शास्त्रज्ञसुद्धा आधी असाच अंदाज काढतात. म्हणजे मोठी चूक लगेच पकडता येते.

आता २५ लाख लिटर भागिले ४ लाख माणसं. उत्तर? माणशी सव्वासहा लिटर!

फक्त सव्वासहा लिटर! ५० डब्यांची अवाढव्य गाडी, आणि एकेकाच्या वाट्याला अर्धी बादलीसुद्धा नाही. १० डब्यांच्या पहिल्या गाडीतलं पाणी तर माणशी सव्वा लिटरच आलं असतं!

भागाकार केला नसता, तर २५ लाख ऐकून आपण खूश होऊन बसलो असतो. मोठा आकडा कशाला पुरतो आणि कशाला नाही, हे भागाकार सांगतो.

तुमच्या छतावरचे डबे

आता एक गुपित सांगते. बातम्यांत म्हणतात ना, “आज १ मिलिमीटर पाऊस झाला”? पाऊस मोजायचा तर लिटरमध्ये, मग हा मिलिमीटर कुठून आला? मिलिमीटर तर पट्टीवर असतो!

पाऊस पडून तो वाहून गेला नाही, मुरला नाही, तर जमिनीवर पाण्याचा केवढा उंच थर साठेल, ते हे मिलिमीटर सांगतात.

आता १ मीटर लांब आणि १ मीटर रुंद फरशी घ्या. तिच्यावर १ मिलिमीटरचा थर. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची करायचं. पण आधी सगळी मापं एकाच एककात आणायची हं! सेंटिमीटर घेऊ. १०० गुणिले १०० गुणिले ०.१. आले १,००० घन सेंटिमीटर. आणि १ घन सेंटिमीटर म्हणजे बरोब्बर १ मिलिलिटर. म्हणजे १,००० मिलिलिटर. म्हणजे १ लिटर!

किती छान जुळलं ना? एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी!

लातूरकडे साधारण वर्षात ७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपण ७०० च धरू. तुमच्या घराचं छत १० मीटर लांब, १० मीटर रुंद असेल, तर ते झालं १०० चौरस मीटर. १०० गुणिले ७०० म्हणजे ७० हजार लिटर!

म्हणजे काय झालं, आलं का लक्षात? एका घराच्या छतावर एका वर्षात रेल्वेच्या एका डब्याहून जास्त पाणी पडतं! आपोआप! ३४२ किलोमीटर न आणता! म्हणून तर छतावरचं पाणी अडवा, जिरवा म्हणतात.

नांदेडचं आश्चर्य

आता नांदेडला जाऊ. तिथे गोदावरी आहे आणि शहराजवळ विष्णुपुरीचा बंधारा. पावसाळ्यात पेपरात येतं, “विष्णुपुरीचे दरवाजे उघडले. इतके क्युसेक पाणी सोडलं.” हा क्युसेक कोण?

तो आहे वाहत्या पाण्याचं माप. वाहणाऱ्या गोष्टीचं माप सांगताना वेळही सांगावी लागते. १ क्युसेक म्हणजे दर सेकंदाला साधारण २८ लिटर. तुम्ही “एक” म्हणेपर्यंत दोन बादल्या भरल्या!

मोठा पूर आला, की नदीतून १ लाख क्युसेक किंवा त्याहूनही जास्त पाणी धावतं. १ लाख गुणिले २८. किती झाले? सेकंदाला २८ लाख लिटर!

आणि ५० डब्यांच्या गाडीत किती मावायचं? २५ लाख लिटर!

म्हणजे पुरातली गोदावरी एका सेकंदात अख्खी गाडी भरेल! टाळी वाजवा, एक गाडी भरली. पुन्हा वाजवा, दुसरी भरली! एकाच मराठवाड्यात कधी पाणी आगगाडीने आणावं लागतं आणि कधी ते असं धो धो निघून जातं.

लिटर आणि किलो, जुळे भाऊ?

१ लिटर पाण्याचं वजन किती? जवळजवळ १ किलो. लक्षात ठेवायला किती सोपं!

मग गाडीच्या एका डब्यातलं पाणी ५० हजार किलोचं. म्हणजे ५०० क्विंटल. सोयाबीनचे ५० किलोचे कट्टे मोजले तर १,००० कट्टे! एका डब्यात! ओढणाऱ्या इंजिनाला शाबासकी द्यायला हवी.

पण थांबा. १ लिटर म्हणजे नेहमीच १ किलो का हो?

स्वयंपाकघरात जा. सोयाबीन तेलाची पिशवी शोधा. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. १ लिटरच्या बऱ्याच पिशव्यांवर शेजारीच लिहिलेलं असतं, ९१० ग्रॅम! १,००० नाही, ९१०!

तेवढ्याच जागेत तेलाचं वजन कमी भरतं. वजनाला आकारमानाने भागलं, की जे उत्तर येतं त्याला घनता म्हणतात. ९१० ग्रॅम भागिले १,००० मिलिलिटर म्हणजे दर मिलिलिटरला ०.९१ ग्रॅम. पाण्याची घनता दर मिलिलिटरला १ ग्रॅम. तेलाची ०.९१ ग्रॅम. म्हणून तर आमटीवर तेलाचा तवंग तरंगतो! आई रोज कढईत हा प्रयोग करते आणि उत्तर पिशवीवर छापलेलं असतं. मजा आहे ना?

डोळा कुठे ठेवायचा?

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेचं उंच, सरळ मोजपात्र असतं. त्याच्यावर रेघा असतात. त्यात पाणी ओता. आता वरच्या कडेकडे नीट बघा. पाण्याचा पृष्ठभाग सपाट दिसतोय?

नाही! मधे खोलगट आणि कडेला वर चढलेला! पाणी काचेला चिकटून वर सरकतं. मग माप कुठलं वाचायचं? कडेचं की मधलं?

मधलं. खोलगट भागाचा तळ ज्या रेघेवर असेल, ते माप. आणि डोळा बरोबर त्या रेघेच्या पातळीवर हवा. वरून वाकून बघितलं, तर पाणी जास्त वाटतं. खालून मान वर करून बघितलं, तर कमी! पाणी तेवढंच, आपला डोळाच चुकीच्या जागी. म्हणून पात्र सपाट टेबलावर ठेवायचं आणि आपणच गुडघे वाकवून खाली जायचं.

घरी मोजपात्र नाही? खोकल्याच्या औषधाचं रेघांचं टोपण घ्या, स्वच्छ धुतलेलं. चालतंय की!

एक थेंब मोजायचा कसा?

आता अवघड प्रश्न. एका थेंबात किती पाणी असतं?

एक थेंब टोपणात टाकला, तर पहिल्या रेघेपर्यंत तो पोचतच नाही. मग? हार मानायची?

मुळीच नाही! युक्ती अशी, की एक मोजायचा नाही. पुष्कळ मोजायचे आणि भागायचं! ड्रॉपरने थेंब मोजत मोजत ५ मिलिलिटरच्या रेघेपर्यंत पाणी भरा. साधारण १०० थेंब लागतात. म्हणजे १ मिलिलिटरला २० थेंब. दवाखान्यातल्या सलाईनच्या नळीच्या पाकिटावरसुद्धा बहुतेक वेळा हेच छापलेलं असतं, २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर!

म्हणजे एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा. आणि वजनाला ०.०५ ग्रॅम. बघा, एवढुसा थेंब मोजला की नाही?

तीन वेळा मोजून बघा. दर वेळी थोडा फरक पडेल. ९७, १०३, १०१ असं काहीतरी. घाबरू नका! तिन्हींची सरासरी काढा. एकदा मोजण्यापेक्षा सरासरी जास्त भरवशाची.

क्विंटलभर तुरीत एक दाणा

हीच युक्ती तुरीला लावू. बियाण्याची पारख करणारे लोक एक दाणा तोलत नाहीत. ते १०० दाणे मोजून तोलतात. तुरीचे १०० दाणे साधारण १० ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणजे एक दाणा ०.१ ग्रॅमचा.

मग १ क्विंटल तुरीत दाणे किती? १०० किलो म्हणजे १ लाख ग्रॅम. भागिले ०.१. उत्तर १० लाख! सगळे दाणे मोजायची गरजच नाही. तोललं, भागलं, झालं!

हे १० लाख लक्षात ठेवा. आता गंमत बघा.

१ किलोत मिलिग्रॅम किती? तेही १० लाखच! म्हणून पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम काही मिसळलेलं असेल, तर ते १० लाखांत १ भाग झालं. म्हणजे क्विंटलभर तुरीत एकच खडा असावा, तसं!

इतकं कमी असेल, तर फरक काय पडतो? खूप पडतो! नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावं. दुसरी सोयच नसेल, तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, की दातांवर डाग पडतात, हाडं दुखायला लागतात. पाणी दिसायला स्वच्छ, चवीलाही ठीक! जिभेला कळत नाही. ते कळतं फक्त मोजमापाला.

आता चांगली बाजू. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. शुद्ध केल्यावरही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असं आपलं मानक सांगतं. मग २५ लाख लिटरच्या गाडीत मिळून किती क्लोरीन उरायला हवा? ओळखा! एक पोतं? एक टेम्पो?

२५ लाख गुणिले ०.२ मिलिग्रॅम म्हणजे ५ लाख मिलिग्रॅम. म्हणजे ५०० ग्रॅम. अर्धा किलो फक्त! ५० डब्यांच्या गाडीत अर्धा किलो!

आता न दिसणारं मोजू

आता कंबर कसा. सगळ्यात मोठं आश्चर्य आता येतंय!

पाण्याचा थेंब अर्धा करा. पुन्हा अर्धा. पुन्हा अर्धा. करतच राहा. शेवटी पाण्याचा इतका बारीक कण उरेल, की तो तोडला तर ते पाणीच राहणार नाही. त्या कणाचं नाव रेणू. तो डोळ्यांना दिसत नाही. वर्गातल्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही.

मग एका थेंबात असे किती रेणू असतील? मोजणार कसे?

अहो, तुरीसारखे! तोलून! शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय, की १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे साडेतीन-चार चमचे पाण्यात, किती रेणू असतात. तो आकडा असा, ६०२ लिहा आणि त्याच्यापुढे २१ शून्यं द्या! एवढ्या रेणूंच्या ढिगाला म्हणतात १ मोल. डझन म्हटलं की १२, तसं मोल म्हटलं की हा आकडा. नववीच्या विज्ञानात हा मोल तुम्हाला भेटेल. तेव्हा त्याला सांगा, आपली ओळख आधीच झालीय!

आता थेंबाचं गणित. थेंब ०.०५ ग्रॅमचा. त्याला १८ ने भागा आणि मोलच्या आकड्याने गुणा. उत्तर येतं १६७ आणि त्याच्यापुढे १९ शून्यं. एका थेंबात एवढे रेणू!

आकडा वाचला, पण डोक्यात शिरला का? नाही ना? मग आपली गाडी बोलवू या.

२५ लाख लिटरच्या गाडीत थेंब किती? १ लिटरमध्ये २० हजार थेंब. २५ लाख गुणिले २० हजार म्हणजे ५ हजार कोटी थेंब!

आता प्रश्न असा. एका थेंबात जेवढे रेणू आहेत, तेवढे थेंब आणायचे असतील, तर अशा गाड्या किती लागतील?

शंभर? लाख? कोटी?

३ हजार ३०० कोटींहून जास्त गाड्या!

रोज एक गाडी सोडली तर किती वर्षं लागतील? ३६५ ने भागा. सुमारे ९ कोटी वर्षं!

९ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर कोण फिरत होतं, माहीत आहे? डायनोसॉर! आणि लातूर-नांदेडकडे पायाखाली जो काळा पाषाण सापडतो ना, तो लाव्हारसापासून तयार झाला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे हा काळा दगडही तेव्हा जन्माला आला नव्हता. तेव्हापासून रोज न चुकता एक गाडी यायला लागली असती, तर आत्ता आत्ता कुठे हिशेब पुरा झाला असता. आणि हे सगळे रेणू बोटावरच्या एका थेंबात!

बघितलंत? आपण काय वापरलं? टोपण, ड्रॉपर, गुणाकार, भागाकार आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं एकक. एवढ्यावर आपण न दिसणारी गोष्ट मोजून आलो!

आता पेन्सिल तुमच्या हातात

शेवटचं गणित तुम्ही सोडवायचं. एका नळातून दर सेकंदाला एक थेंब गळतोय. टप, टप, टप. दिवसभरात किती पाणी वाया जाईल?

आधी अंदाज वहीत लिहा. मग ही पायऱ्यांची वाट धरा. एका मिनिटात ६० सेकंद. एका तासात ६० मिनिटं. एका दिवसात २४ तास. आणि २० थेंबांचा १ मिलिलिटर. प्रत्येक पायरीवर एकक लिहायचं, विसरायचं नाही!

उत्तर ४ लिटर ३२० मिलिलिटर आलं का? शाब्बास!

आता घरातला आणि शाळेतला गळका नळ शोधा. त्याच्याखाली औषधाचं टोपण धरा आणि घड्याळ लावा. तुमच्या नळाचा हिशेब वहीत मांडा आणि वही घरी, वर्गात सगळ्यांना दाखवा. मग एक नवा वॉशर आणा आणि मोठ्या माणसांच्या मदतीने बसवून टाका!